दारावरची माणसे: मुंबईतील क्लब, परमिट रूम आणि आंटीचे अड्डे

जुना_गिरगावकर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात कामानिमित्त फोर्टात जाणे झाले. ज्या परमिट रूममध्ये आम्ही कचेरीतील पाच-सहा जण जवळजवळ १९ वर्षे दर शनिवारी बसत होतो, तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. पायरी मात्र तीच आहे, मधोमध खोलगट झिजलेली. त्या पायरीशी लाकडी स्टुलावर मंगळूरकडचे एक वयस्कर गृहस्थ बसत असत. ओळखीचा चेहरा दिसला की ते बसल्या जागेवरूनच डाव्या हाताने पडदा बाजूला सारीत. अनोळखी माणसासाठी मात्र उठून उभे राहत आणि अगदी अदबीने 'कोण पाहिजे?' असे विचारीत. १९ वर्षांत आमच्यासाठी ते एकदाही उठले नाहीत, आणि तो मान आम्हाला फार मोठा वाटे.

त्या पायरीशी उभा असताना मनात आले की या शहरात कोण काय पितो, यापेक्षा कोणाला कोणत्या दारातून आत घेतले जाते, हीच गोष्ट नेहमी मोठी होती. कोणाकडे सभासदत्वाचे कार्ड होते, कोणाकडे परमिट होते, कोणाकडे केवळ ओळख होती, आणि पुष्कळांकडे यांपैकी काहीच नव्हते. अशा दारांच्या आठवणी एका ठिकाणी लिहून ठेवाव्यात म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या वाट्याला आलेले पहिले मोठे दार बॉम्बे जिमखान्याचे. १९७८ साली मी २५ वर्षांचा होतो आणि आमचे एक वरिष्ठ साहेब मला पाहुणा म्हणून तिथे घेऊन गेले. आदल्या रात्री आईने माझा एकुलता एक पांढरा शर्ट कांजी करून इस्त्रीला दिला होता. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्यावर समोर अख्खे मैदान पसरलेले दिसत होते आणि पलीकडून व्ही. टी.कडे जाणाऱ्या लोकांची रांग सरकत होती. रोज मी त्याच रांगेत चालत असे. बेअररने बिअर आणली, साहेबांनी एका चिठ्ठीवर सही केली आणि विषय संपला. पैसे कोणीच काढले नाहीत. तोपर्यंत मी पैसे मोजल्याशिवाय कधी काही खाल्ले-प्यायलेले नव्हते, त्यामुळे ती सही मला बिअरपेक्षा जास्त लक्षात राहिली.

हा जिमखाना १८७५ सालचा. त्याच मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या. ज्यांनी ते शतक पाहून टोप्या उडवल्या, त्यांच्यापैकी एकाही हिंदी माणसाला त्या क्लबाचे सभासद होता येत नव्हते. १८३३ सालचा भायखळा क्लब आणि १८४६ सालचा यॉट क्लब यांचीही रीत तीच होती. विलिंग्डन क्लब १९१८च्या सुमारास निघाला, तो गोऱ्या आणि हिंदी सभासदांना एकत्र बसता यावे म्हणून. एका संस्थानिकाला यॉट क्लबाच्या दारावरून परत फिरावे लागले आणि त्यामुळे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन संतापले, अशी कथा त्या काळापासून सांगितली जाते. कथेतील तपशील कसेही असोत, नवा क्लब काढण्याला कारण एका बंद दाराचे दिले जाते, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपणही आपापल्या आठवणी लिहाव्यात. उच्चभ्रू क्लबांच्याच हव्यात असे मुळीच नाही.

माहीमची_लेक

गिरगावकर काका, धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे या सगळ्याची सुरुवात एका कायद्याने झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला आणि १९५०च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी झाली. क्लबांतल्या लोकांनी परमिटे मिळवली. आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, लोकांच्या घरी मात्र लग्नाकार्यातले एक अंगच कापले गेले. लग्नाआधीच्या उंबराच्या पाण्याच्या विधीच्या दिवशी, बारशाला, गावच्या सणाला खिमाड लागत असे. गावठी दारूत साखर आणि मसाला घालून ती गरम करून पाहुण्यांना छोट्या पेल्यांतून द्यायची, ही आमची रीत. आजी सांगत असे की कायदा आला त्या वर्षी घरात झालेल्या लग्नात खिमाड चहाच्या किटलीतून वाढले गेले, आणि वाडीच्या तोंडाशी दोन मुलगे पहाऱ्याला उभे होते.

लोक 'आंटीचा अड्डा', म्हणजे बंदीच्या काळात बाईने घरातच चालवलेला चोरट्या दारूचा गुत्ता, असे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलेतरी सिनेमातले दृश्य येते. मी ज्या बाईंना ओळखत होते, त्या आमच्या वाडीत तीन घरे सोडून राहत. नवरा गोदीत कामाला होता, तो अपघातात गेला तेव्हा पदरी चार मुले होती. पुढच्या खोलीत दोन बाक, एक मेज, भिंतीवर मदर मेरीची तसबीर आणि तिच्यापुढे अखंड जळणारा लाल बल्ब. माल माहीमच्या खाडीकडच्या भट्ट्यांवरून येई, रबरी ट्यूबमध्ये भरून, पोटाभोवती गुंडाळून. आणणारा माणूस आत येताना जाडजूड दिसे आणि बाहेर पडताना लुकडा, हे आम्हा मुलांना नवल वाटे. माप नवटाकाचे. सोबत उकडलेली अंडी, मीठ-मिरपूड, आणि रविवारी कधी भाजलेली कलेजी.

संध्याकाळी मला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कठड्यावर बसवले जाई. हवालदार दिसला की 'मेरी, घरी चल' असे ओरडायचे, एवढेच काम. आमच्या वाडीत मेरी नावाची एकही मुलगी नव्हती. त्या कामाचा मोबदला म्हणून एक उकडलेले अंडे मिळे, आणि ते मी कठड्यावरच बसून, आधी पांढरे आणि मग पिवळे, असे खात असे.

बाई स्वतः थेंबही घेत नसत. कॉलेजच्या मुलांना त्या दारातूनच परत पाठवीत. तीन नवटाकांनंतर कोणी चौथे मागितले तर ग्लास उलटा घालून ठेवीत आणि म्हणत, 'आता तुझी बायको जेवायची थांबली असेल.' चारही मुले शिकली. धाकटी परिचारिका होऊन परदेशी गेली. मला त्या बाईंबद्दल आदर आहे, आणि तो मी कोणापुढेही सांगते.

वकील_ठाणेकर

माहीमच्या ताईंनी कायद्याचा उल्लेख केलाच आहे, तर थोडी भर घालतो. पुष्कळांना असे वाटते की दारूबंदी केव्हाच उठली. वस्तुतः १९४९चा तोच अधिनियम महाराष्ट्रात आजही लागू आहे. साठच्या दशकापासून त्याखालचे नियम सैल होत गेले, इतकेच. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा तोच कायदा गुजरातच्याही वाट्याला आला; तिथे बंदी राहिली आणि आपल्याकडे परमिट राहिले. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले: ज्याच्याजवळ परमिट आहे, त्यालाच जिथे बसून पिता येते ती खोली. ते परमिट, कागदावर पाहिले तर, 'आरोग्य राखण्यासाठी' दिले जाते. एका दिवसाचे ५ रुपयांना, वर्षाचे १०० रुपयांना आणि आजीव १००० रुपयांना मिळे, हे दर मी वकिली करत असताना वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

कायदा आल्याबरोबर फ्रामजी बलसारा नावाच्या मुंबईकराने त्याला न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या मागण्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्याबरोबर ओ-द-कोलोन हे सुगंधी द्रव्यही होते, कारण मद्यार्क असलेली प्रत्येक वस्तू कायद्याच्या कचाट्यात सापडली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंपुरती बंदी रद्द ठरवली आणि दारूवरची बंदी मुख्यतः कायम ठेवली. विधी महाविद्यालयात हा निवाडा आम्हाला शिकवला गेला तेव्हा मला वडिलांचे परमिट आठवले.

वडील शाळेत गणित शिकवीत. त्यांना पोटाचा विकार होता आणि डॉक्टरांनी ब्रँडी सुचवली होती; हे कारण किती खरे होते, याची चौकशी आईने कधी केली नाही. परमिटाची छोटी पुस्तिका होती. बाटली घेतली की दुकानदार तारीख आणि माप टाकून शिक्का मारी. वडील महिन्याच्या अखेरीस त्या नोंदींची बेरीज करून खाली तांबड्या शाईने रेघ ओढीत, जशी मुलांच्या वह्यांत ओढीत तशी. ती पुस्तिका माझ्याजवळ आहे. शेवटच्या पानावर बेरीज आहे, पण रेघ नाही. त्या महिन्यात ते गेले.

सह्याद्रीपुत्र

वकीलसाहेब, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. एक शंका: वयाची अट २५ वर्षांची आहे हे खरे का? माझ्या मुलाचा यावर विश्वास बसत नाही.

वकील_ठाणेकर

होय, व्हिस्की-रमसारख्या मद्यांसाठी २५. बिअरसाठी २१. गिरगावकर काका जिमखान्यात गेले ते अगदी योग्य वयात गेले.

बार्देसकर

या धाग्यावर 'क्लब' या शब्दाचा एक अर्थ अजून आलेला नाही, आणि तो आल्याशिवाय धोबी तलाव पूर्ण होत नाही. आम्हा गोंयकारांचा क्लब म्हणजे कूड. जेर महाल इमारतीत आजही अशा अनेक कुडी आहेत. एका गावाची एक कूड. साळगावच्या कुडीत हळदोण्याचा माणूस सभासद होऊ शकत नाही. विलिंग्डनपेक्षा दार अरुंदच म्हणायचे, पण फी नाममात्र. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, स्टुअर्ड, नोकरी शोधायला आलेली पोरे, आणि बँडमधले वादक तिथे उतरत. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी रचलेली. खाट नसे; आपल्या पेटीसमोरची जमीन हीच आपली जागा. रोज संध्याकाळी सगळ्यांनी वेदीपुढे रोझरी म्हणायची, हा नियम. कुडीत पिऊन येणाऱ्याला दंड होता आणि वारंवार आला तर पेटी उचलायला सांगत.

पण गावच्या फेस्ताच्या दिवशी लदाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली की उकडलेले चणे आणि फेणी वाटली जाई. १९६१पूर्वी गोव्याची सीमा म्हणजे परदेशाची सीमा, आणि मुंबईत बंदी. तरीही फेस्ताला फेणी कुठून आली, असे कोणी विचारत नसे. माझे काका सांगत की त्या दिवशी सर्वांत वयस्कर खलाशी पेला हातात घेऊन गावातील मृतांची नावे म्हणे, आणि शेवटचे नाव होईपर्यंत कोणी ओठाला पेला लावत नसे.

आता गिरगावकर साहेबांच्या मुद्द्याकडे येतो. माझे हे काका ट्रंपेट वाजवीत. रात्री साडेसातला कुडीतून पांढरा कोट घालून निघत आणि बड्या हॉटेलांत, क्लबांच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवीत. आत जायचे ते मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांनी ताजमध्ये बँड वाजवला आणि तेच पुढे सी. रामचंद्रांबरोबर हिंदी चित्रपटसंगीतात काम करू लागले. ज्या सुरांवर साहेब-मडमा नाचल्या, तेच सूर थोड्या वर्षांनी गिरणगावातल्या गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकरवरून वाजत होते. गोंयकार वादक नसता तर हा प्रवास कसा झाला असता, याची मला कल्पना करता येत नाही. चर्चगेटच्या रस्त्यावर गेलॉर्ड १९५६ साली सुरू झाले, शेजारी अँबॅसेडर हॉटेल होते. त्या एका रस्त्यावर संध्याकाळी चालत गेले तर दर दोन-तीन दारांआड एखादा गोंयकार वाजवीत असे. काका सुट्टीच्या दिवशी मला हाताला धरून त्या रस्त्याने नेत आणि फुटपाथवर उभे राहून, दार उघडबंद होताना येणाऱ्या तुकड्यावरून, कोण वाजवतो आहे ते ओळखून दाखवीत. आत आम्ही कधीच गेलो नाही.

कुंदापूर_ते_कुर्ला

माझी मातृभाषा कुंदगन्नड, म्हणजे कुंदापूरकडची कन्नड बोली, आहे, पण शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले, त्यामुळे चुकभूल द्यावी.

माझे वडील १४व्या वर्षी कुंदापूरहून एका उडुपी हॉटेलात कपबशा विसळायला आले, रात्रशाळेत शिकले, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका परमिट रूमचे मॅनेजर झाले. पुढे भागीदारही झाले. आपण बाहेरून जी अंधारी, लाल दिव्यांची खोली पाहता, तिचा दिवस सकाळी नऊला सुरू होतो. आदल्या रात्रीच्या उघड्या बाटल्या मापून नोंदवहीत लिहायच्या, कारण उत्पादन शुल्काचे निरीक्षक केव्हाही येऊन वही आणि फळीवरचा माल ताडून पाहू शकतात. मग बर्फाची लादी येते, ती गोणपाटात गुंडाळून ठेवायची. चणे भिजवलेले असतात ते उकडायचे. चकण्याला पैसे घ्यायचे नाहीत, हे वडिलांचे तत्त्व होते: खारे शेंगदाणे, उकडलेले चणे, काकडीच्या चकत्या, त्यावर लिंबू. ते म्हणत, रिकाम्या पोटी पिणारा गिऱ्हाईक दोन वर्षे येतो, खाऊन पिणारा वीस वर्षे येतो.

आमच्याकडे एकाच छपराखाली दोन खोल्या होत्या. पुढची साधी, पंख्याची. मागची वातानुकूलित, आणि तीच बाटली तिथे महाग. मधल्या दाराला काच होती. पुढच्या खोलीत टॅक्सीवाले, छापखान्यातले जुळारी, गोदीतले मुकादम बसत. मागच्या खोलीत बँकेतले अधिकारी आणि व्यापारी. १९८५-८६च्या सुमाराची गोष्ट आहे. एक जुळारी आठ वर्षे पुढच्या खोलीत, दाराजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसत असे. मुलगा इंजिनिअर झाला त्या दिवशी तो नवा सफारी घालून आला आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन बसला. वडिलांनी त्याला पाहिले, स्वतः उठून त्याच्या टेबलावर क्वार्टर, सोडा आणि काजूची बशी नेऊन ठेवली, आणि बिल पुढच्या खोलीच्या दराने केले. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा आपल्या जुन्या टेबलावर होता.

लालबागची_पोर

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. माझी आठवण वेगळी आहे आणि ती इथे बसत नाही असे कोणाला वाटले तरी मी लिहिणार आहे.

मी गिरणी कामगाराची मुलगी. पगाराच्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या दरवाजाशी बायका उभ्या राहत, कारण गिरणीचे दार आणि चाळीचे दार यांच्यामध्ये देशी दारूचे दुकान होते. आईला दमा होता, म्हणून काही वर्षे मी जात असे. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. गर्दीत वडील सापडले नाहीत की मग मी त्या दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आत जायचे नाही, असे आईने बजावलेले. दारात संत्र्याचा आणि भिजलेल्या भुशाचा मिळून एक वास येई. आजही सोललेले संत्रे मला खाववत नाही.

एका पगाराला वडिलांना उभे राहता येत नव्हते. दुकानाच्या मालकाने त्यांच्या खिशातून पगाराचे पाकीट काढले, आपले होते तेवढे घेतले, उरलेले माझ्यासमोर दोनदा मोजले, माझ्या फ्रॉकच्या खिशात घालून खिशाला पिन लावली आणि आपल्या नोकराला मला चाळीपर्यंत पोचवायला पाठवले. घरी आईने मोजले तर घरभाडे आणि वाण्याचे देणे भागेल एवढे पैसे होते. त्या माणसाचे उपकार मानावेत की त्याला दोष द्यावा, हे मला ५० वर्षांनंतरही ठरवता आलेले नाही.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. देशी दारू परवडेनाशी झाली तेव्हा आमच्या भागातील कित्येक माणसे हातभट्टीकडे वळली. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत तर शंभराच्या वर. ती सगळी माणसे याच शहरात पीत होती. क्लबांच्या, परमिट रूमच्या आठवणी निघतात तेव्हा त्यांचीही जागा मला त्याच पानावर हवी.

जुना_गिरगावकर

ताई, आपली आठवण इथे बसते का, हा प्रश्नच नाही. धाग्याच्या आरंभी मी ज्या रांगेचा उल्लेख केला, त्या रांगेतल्या माणसांबद्दल मी पुढे एक ओळही लिहिली नव्हती. आपण ती लिहिली. त्या दुकानदाराबद्दल आपण जे म्हटले आहे, त्यावर मीही दोन दिवस विचार करत होतो आणि मलाही निर्णय करता आला नाही.

डोंबिवली_फास्ट_नाही

मी या धाग्यावर बहुधा वयाने सर्वांत लहान आहे, म्हणजे आता ४९. आमच्या वाट्याला नव्वदच्या दशकातले पब आले. महालक्ष्मीचे घेटो, पाली हिलच्या बाजूचे टोटोज गराज, जिथे बारच्या वर अख्खी फोक्सवॅगन बीटल लटकवलेली होती, आणि मरीन ड्राइव्हवरचे जॅझ बाय द बे. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे दोघे कलाकार १९७२ साली कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये येऊन वाजवून गेले, ही गोष्ट आम्ही गाडीत एकमेकांना इतक्या वेळा सांगितली होती की आपणच तिथे होतो असे वाटू लागले होते.

दारांविषयी बोलायचे तर आमच्या वेळी 'स्टॅग' हा शब्द होता. मुलगी बरोबर नसेल तर शनिवारी पुष्कळ ठिकाणी प्रवेश नसे. आम्ही तिघे मित्र, तिघेही मराठी माध्यमाचे, पहिल्या पगारानंतर दक्षिण मुंबईतल्या एका पबच्या दाराशी गेलो. तिथला उंच माणूस आमच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत होता. माझ्या मित्राच्या पायांत चामड्याच्या चपला होत्या, कोल्हापुरी, दिवाळीत घेतलेल्या. आम्हाला आत घेतले नाही. चित्रकार हुसेन यांनाही अनवाणी होते म्हणून विलिंग्डन क्लबात प्रवेश मिळाला नव्हता, हे मला नंतर कळले आणि थोडे समाधान झाले, पण त्या रात्री फार लागले होते. लोकलची शेवटची गाडी पकडून आम्ही डोंबिवलीला आलो आणि स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्ये बसलो. वेटरने न विचारता तीन ग्लास मांडले, मग मित्राच्या पायांकडे पाहून म्हणाला, 'चपला छान आहेत, कोल्हापूरहून आणल्या का?' तो स्वतः गडहिंग्लजचा निघाला. त्या मित्राने पुढे त्याच्या मुलाला आपल्या कंपनीत चिकटवले.

घेटोमध्ये मात्र आम्हाला कधी कोणी अडवले नाही. भिंतींवर लोकांनी लिहिलेले असे, अंधारात चमकणाऱ्या रंगांत. आम्ही देवनागरीत तिघांची नावे लिहिली होती.

माहीमची_लेक

आमच्या वाडीतल्या बाईंचे घर २००० सालानंतर पडले, तिथे आता सात मजली इमारत आहे. मदर मेरीची तसबीर धाकट्या मुलीने बरोबर नेली. लाल बल्बसकट नेली, असे तिने मला पत्रात कळवले होते; तिकडच्या होल्डरमध्ये तो बसेना, तेव्हा तिने भिंतीवरचा होल्डर बदलून घेतला.

कुंदापूर_ते_कुर्ला

गिरगावकर साहेब, एक गोष्ट विचारायची राहिली. आपल्या परमिट रूमच्या पायरीवरचे ते गृहस्थ ज्या स्टुलावर बसत, त्या स्टुलाच्या पायाशी एखादी वायर पाहिल्याचे आठवते का? आमच्याकडेही असाच दाराशी माणूस असे. वडिलांनी त्याच्या स्टुलाखाली एक बटण बसवून घेतले होते. तो बसलेला असेपर्यंत बटण दाबलेले राही. तो उठला की आत, काउंटरच्या खाली, घंटा वाजे. निरीक्षक आले, कोणी अनोळखी आला, किंवा कोणाच्या घरचे शोधत आले, तर त्याने फक्त उठून उभे राहायचे आणि नम्रपणे बोलत राहायचे, म्हणजे आतल्या लोकांना दोन मिनिटे मिळत. त्यामुळे ओळखीच्या माणसासाठी न उठणे हे त्याचे कामच होते. तुमच्या वेळी तो उठला असता तर आतली सगळी टेबले दचकली असती.

जुना_गिरगावकर

वायर पाहिल्याचे आठवत नाही. घंटा आठवते. शनिवारी मधूनच आत बारीक घंटा वाजे, आणि आमचा वेटर कोपऱ्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या टेबलावरून ग्लास उचलून तिथे लगबगीने चहाचे कप मांडी. आम्ही १९ वर्षे असे समजत होतो की ती स्वयंपाकघरातून ऑर्डर तयार झाल्याची घंटा आहे, आणि घंटा वाजूनही आमचे ऑम्लेट का येत नाही, म्हणून त्या वेटरला बोल लावत होतो.